बंदूक घेण्याआधी अंगाचं माप

गेल्या अंकात मी क्ले शूटिंगवर लिहिलं होतं, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छऱ्याच्या बंदुकीने फोडण्याच्या खेळावर. तेव्हापासून धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पत्रं येताहेत आणि बहुतेकांचं विचारणं एकच आहे: ताई, कुठली बंदूक घेऊ? माझे वडील धुळ्यात परवानाधारक बंदूकदुरुस्तीचं दुकान चालवायचे. दस्ते, म्हणजे बंदुकीचे खांद्याला लावायचे लाकडी भाग, तासायला मी त्याच दुकानात शिकले, पुढे ट्रॅप हा क्ले शूटिंगचा प्रकार खेळले, आणि आता नव्या नेमबाजांना बंदूक अंगाला बसवून देते. गिऱ्हाईक दुकानात आलं की वडील भिंतीवरच्या बंदुकीला हात लावायच्या आधी अहिराणीत म्हणायचे, "पहिले माणूसनं माप, मंग बंदूकनं." पत्रांतले काही प्रश्न निवडले आहेत. ज्यांचे राहिले त्यांचे पुढच्या अंकात घेईन.

शिरपूरहून एक जिनिंगवाले वाचक विचारतात: वय ३४. मित्राबरोबर भोपाळला गेलो असताना ट्रॅप पाहिला आणि वेडच लागलं. परवान्यासाठी अर्ज करायचा विचार आहे. बेरेटा, पेराझी की ब्राउनिंग? एकदाच चांगली घेऊन टाकावी म्हणतो.

भाऊ, तिन्ही घराणी नावाजलेली आहेत. बेरेटा इटलीत १५२६ पासून नळ्या घडवतंय, पेराझी तर ऑलिम्पिकच्या रेंजवर नेहमी दिसते, आणि ब्राउनिंगच्या बऱ्याच क्ले बंदुका जपानात मिरोकूच्या कारखान्यात बनतात. पण तुमच्या पत्रात तुमची उंची नाही, मानेची लांबी नाही, खांद्याची रुंदी नाही, गाल भरलेला की बसका तेही नाही. ते कळल्याशिवाय मी एकही नाव सुचवणार नाही.

याचं कारण नीट समजून घ्या. रायफलीला नेम धरायला मागे एक खूण असते आणि पुढे एक. छऱ्याच्या बंदुकीला पुढच्या टोकाला फक्त माशी, म्हणजे छोटासा मणी असतो. मागची खूण म्हणजे तुमचा डोळा. डोळा कुठे येणार हे गाल ठरवतो आणि गाल कुठे टेकणार हे दस्ता ठरवतो. डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर साधारण एक मीटर धरा. डोळा हवा त्यापेक्षा ३ मिलिमीटर वर आला तर ३५ मीटरवर मारा १० सेंटीमीटर वर जातो. ऑलिम्पिकच्या तबकडीचा व्यास ११ सेंटीमीटर असतो आणि ती कडेने उडत जाताना उंची दिसते जेमतेम अडीच सेंटीमीटर. छऱ्यांचा झुबका पसरट असतो हे खरं, पण तबकडीचा चुरा होतो तो झुबक्याच्या दाट गाभ्याने. कडेच्या विरळ छऱ्यांतून ती साबूत निसटते, आणि नवखा माणूस उगाचच स्वतःच्या नजरेला दोष देत बसतो.

ट्रॅपमध्ये तुमच्या पुढे १५ मीटरवर खंदक असतो आणि त्यात १५ यंत्रं. तुम्ही आवाज दिला की त्यातल्या एकातून तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी माहीत नसतं. पहिला बार सेकंदाच्या आत जायला हवा. एवढ्या वेळात मान वाकवून, गाल सरकवून माशी शोधायला सवडच नाही. डोळा तबकडीवर राहिला पाहिजे आणि बंदूक आपसूक डोळ्याखाली आली पाहिजे. अंगाला बसलेली बंदूक म्हणजे एवढंच, आणि माझ्या दृष्टीने या खेळात सर्वांत आधी कमवायची गोष्ट हीच आहे.

आता मापांकडे या. पहिलं माप लांबीचं, चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत. युरोपातल्या कारखान्यांतून येणाऱ्या बंदुकीत हे साधारण ३७ सेंटीमीटर असतं. आपल्याकडच्या पाच फूट पाच-सहा इंचाच्या माणसाला ते बरेचदा थोडं जास्त होतं, मग दस्ता काखेत अडकतो किंवा खांद्याच्या बाहेर दंडावर बसतो. दस्ता कोपराच्या बेचक्यात धरून बोट चापाला पोचतं का हे बघायची जुनी रीत दुकानादुकानांतून चालते. माझा तिच्यावर विश्वास नाही, कारण त्यात मानेचा आणि छातीचा काही हिशेबच नाही. बंदूक खांद्याला लावून, गाल टेकवून, दुसऱ्या माणसाला तुमचं नाक आणि चाप धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याचं मूळ यांतलं अंतर बघायला सांगा. दोन ते तीन बोटं राहिली तर ठीक. त्याहून कमी राहिलं तर झटक्याला अंगठा नाकावर येणार.

दुसरं माप उतरणीचं, आणि याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. माशीपासून नळीवरच्या पट्टीची रेषा मागे वाढवली तर दस्त्याची गालाखालची धार, जिला रेंजवर सगळे कोम म्हणतात, ती त्या रेषेच्या किती खाली आहे ते बघायचं. ट्रॅपच्या बंदुकीत कोमच्या पुढच्या टोकाला ही उतरण ३५ मिलिमीटर आणि टाचेला, म्हणजे दस्त्याच्या मागच्या वरच्या टोकाला, ५०च्या आसपास असते. शिकारीच्या बंदुकीत ती जास्त असते. ट्रॅपची तबकडी वर चढत जाते म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी उंच मारणारी ठेवतात. माशी तबकडीच्या खाली दिसत असताना बार गेला की चढती तबकडी बरोबर झुबक्यात येते, आणि मुख्य म्हणजे नळीने तबकडी झाकली जात नाही. कोम फार खाली असेल तर डोळा चापाच्या पेटीमागे, म्हणजे चापावरच्या लोखंडी भागामागे, लपतो आणि माणूस नकळत गाल उचलतो. गाल उचलला की बार वरून गेला.

तिसरं, दस्त्याचा बाजूला कल. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यासाठी दस्ता काही मिलिमीटर उजवीकडे झुकवलेला असतो, म्हणजे भरलेल्या गालाचा माणूससुद्धा डोळा पट्टीच्या मधोमध आणू शकतो. डावखुऱ्याला हाच कल उलटा लागतो, त्यामुळे उजव्याची बंदूक डावखुऱ्याच्या गळ्यात मारू नका. चौथं माप पिच, म्हणजे दस्त्याच्या मागच्या तोंडाचा कोन. त्याच्याबद्दल रावेरच्या ताईंच्या प्रश्नात सविस्तर येईल.

हे सगळं तपासायचं कसं? रेंजवर, कोचसमोर, बंदूक मोडून, म्हणजे सांध्यावर उघडून, दोन्ही चेंबर (काडतूस बसायच्या जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करून. लांबच्या एखाद्या खुणेकडे बघा, डोळे मिटा, बंदूक सहज खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. पट्टी मधोमध, माशी समोर आणि पट्टीचा थोडा भाग वरून दिसतोय, असं पुन्हा पुन्हा आलं तर ती बंदूक तुमच्या जवळपासची आहे. दर वेळी मान हलवून जुळवावं लागलं तर नाही. त्यानंतर १५ मीटरवर मोठा कागद लावून मध्यावर एक ठिपका करा आणि नेम न धरता, फक्त ठिपक्याकडे बघत बंदूक उचलून बार मारा. पाच-सहा बार एकाच कागदावर. झुबक्याचा मध्य ठिपक्यापासून जेवढा सरकलेला दिसेल त्याच्या साधारण पंधरावा हिस्सा म्हणजे कोममध्ये करायचा बदल. दीड सेंटीमीटर खाली लागतंय तर कोम एक मिलिमीटर वर हवी. इतकं सरळ गणित या खेळात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

म्हणून आत्ता बंदूक घेऊ नका. भोपाळला मध्य प्रदेश राज्य शूटिंग अकादमीची ट्रॅप आणि स्कीट या दोन्ही क्ले प्रकारांची रेंज आहे, तुम्ही ती पाहिलीच असेल. शिरपूरहून आग्रा रोडने सेंधव्याचा घाट चढून इंदूर आणि तिथून पुढे, किंवा भुसावळहून इटारसीमार्गे रेल्वेने. दिल्लीत तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंग रेंज आहे. ज्यांच्या नावाने ती आहे त्या बिकानेरच्या महाराजांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं होतं. जिथे शिकणार असाल तिथे आधी फोन करून बाहेरच्या माणसाला सरावाची मुभा कशी मिळते ते विचारा, आणि पहिला मोसम कोचच्या देखरेखीखाली तिथल्या वेगवेगळ्या बंदुकांवर काढा. प्रत्येक बंदुकीचा कागद जपून ठेवा. ज्या बंदुकीला तुमच्या अंगाने सर्वांत कमी कुरकूर केली तिची मापं वहीत लिहा. पुढे जी बंदूक घ्याल ती त्या मापांच्या जवळची घ्या, शक्यतो वर-खाली होणाऱ्या कोमची. नाव कुठलंही असू दे. आणि पैशाचा मोठा वाटा काडतुसांसाठी राखून ठेवा. कोरीव नक्षीच्या बंदुका कपाटात आणि काडतुसांना पैसे नाहीत, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या माणसांमधली जिद्द अशी वाया जाताना बघून फार वाईट वाटतं.

परवान्याचं एक लक्षात असू द्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत, पण त्या कामगिरी दाखवल्यावर. तेव्हा दोनांतली एक जागा घाईत भरू नका.

चोपड्याहून एक वाचक: आजोबांची दुनळी घरात आहे. नळ्या शेजारी-शेजारी, चाप दोन. आजोबा रानडुकरं हाकलायचे. वडिलांच्या नावावर शेतसंरक्षणाचा परवाना आहे. हीच बंदूक क्लेसाठी वापरावी म्हणतो. नळ्या लांब वाटतात, थोड्या कापून घेतल्या तर हलकी होईल का?

नळ्यांना करवत लावू नका. परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी चोक, म्हणजे छऱ्यांचा झुबका घट्ट ठेवणारा नळीचा अरुंद भाग, पुढच्या टोकालाच असतो. टोक कापलं की चोक गेला, आणि छरे वीस मीटरच्या पुढे विखरून जातील.

आता बंदुकीकडे वळू. आजोबांच्या वस्तूबद्दल जीव असणं मला समजतं, माझ्या दुकानात अशा बंदुका घेऊन येणारे लोक त्या पोत्यात नाही, धुतलेल्या धोतरात गुंडाळून आणतात. म्हणूनच सांगते, बार काढण्याआधी ती जाणकार परवानाधारक कारागिराला दाखवा. तीन गोष्टी बघायला सांगा. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते का? दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली नळी असण्याची शक्यता आहे. तशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. आजचं धूरविरहित दारूचं काडतूस तिच्यात घालायचं नाही, बाहेरून कितीही झकपक दिसली तरी. दुसरं, चेंबरची लांबी. जुन्या बंदुकांचे चेंबर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असतात आणि आजची बहुतेक क्ले काडतुसं ७०ची. ७०चं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये मुकाट बसतं, कारण काडतुसाची लांबी ते फुटल्यानंतर, तोंड उघडल्यावर मोजलेली असते. पण बार झाला की उघडणारं तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात अडतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं, असं समजून लोक वर्षानुवर्षं मारत राहतात. तिसरं, नळीच्या मुळाशी तपासणीचे शिक्के. कुठल्या दाबाला नळी पास केली आहे ते जाणकाराला त्यावरून कळतं. बंदूक मोडताना सांध्यात खडखड असेल, नळ्यांत खड्डे किंवा पोचा असेल, तर ती शोभेलाच राहू द्या.

समजा बंदूक या सगळ्यातून पार पडली. तरी ती खेळाची नाही. शिकारीची दुनळी तीन किलोच्या आसपास असते, दिवसभर खांद्यावर घेऊन रान तुडवता यावं म्हणून. ट्रॅपची बंदूक साडेतीन किलोच्या पुढे. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून जास्त लागतं, आणि खेळात ते एकदा-दोनदा सोसायचं नसतं. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात. शिवाय त्या दस्त्याची उतरण जास्त, म्हणजे बंदूक खाली मारणारी. चढत्या तबकडीला हे अगदी उलटं पडतं. शेजारी-शेजारी नळ्यांची रुंद पाठ तबकडीचा बराच भाग झाकते तेही आलंच. म्हणून वरखाली नळ्यांची बंदूक या खेळात रुळली.

परवान्याबद्दलही सांगते. शेतसंरक्षणाचा परवाना त्या कामापुरता आणि वडिलांच्या नावाचा आहे. तुम्ही तीच बंदूक घेऊन रेंजवर गेलात तर अडचणीत याल. स्वतःच्या नावाने, खेळ आणि सराव हे कारण देऊन जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. आजोबांची बंदूक घरातच राहावी असं वाटत असेल तर शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाकडे परवाना जाण्याची सोय आहे. मूळ परवानाधारक गेल्यावर, किंवा त्याने वयाची ७० वर्षं गाठल्यावर, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाल्यावर तसा अर्ज करता येतो. वडिलांचं वय लिहिलं नाहीत, पण हे आत्ताच विचारून ठेवा.

रावेरहून एक आई लिहितात: मुलगी १९ वर्षांची आहे, अकादमीत ट्रॅप शिकते. सुटीत केळीची कापणी चालू असताना घरी आली तर उजवा गाल सुजलेला आणि दंड काळानिळा. नातेवाईक म्हणतात हा मुलींचा खेळ नाही. तिथल्या एका माणसाने सांगितलं, तिला २० बोरची, म्हणजे बारीक नळीची, छोटी बंदूक द्या. काय करावं?

ताई, आधी नातेवाइकांचं. भोपाळची मनीषा कीर तलावात मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी. २०१८च्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात ट्रॅपचं रौप्यपदक तिने आणलं. २०२२च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत, जी प्रत्यक्षात २०२३ मध्ये झाली, आपल्या महिला ट्रॅप संघाने रौप्य मिळवलं. तुमच्या मुलीचा गाल सुजला तो ती मुलगी आहे म्हणून नाही. बंदूक दुसऱ्या कुणाच्या मापाची आहे म्हणून.

दंड काळानिळा होतो याचा अर्थ दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, बाहेर सरकून दंडावर बसतो. कारण बहुधा लांबी जास्त. पुरुषांच्या उंचीला बेतलेला दस्ता, तो पुढे रेटून धरण्यासाठी ती हात ताणत असणार. मोठ्या माणसाचा पूर्ण बाहीचा सदरा लहान पोराला घातल्यावर जसा मनगटावर लोंबतो, तशी ती बंदूक तिच्या अंगावर लोंबते. अकादमीच्या बंदुकीचा मागचा पॅड काढून पातळ पॅड लावता येतो, पॅडखालचे तुकडे काढता येतात. एक-दीड सेंटीमीटरने मोठा फरक पडतो.

गाल सुजतो त्याचं कारण वेगळं. मुलींची मान बहुतेक वेळा उंचीच्या मानाने लांब असते आणि गालाचं हाड उंच. डोळा पट्टीवर आणायला ती मान खाली खाली नेते, गाल कोमवर जोरात दाबते आणि झटका आला की दस्ता वर उसळून हाडावर आपटतो. कोम उंच केली की मान सरळ राहते आणि गाल नुसता टेकतो. वर-खाली होणारी कोम नसेल तर तात्पुरतं मऊ चिकटपट्टीचे एकेक थर कोमवर चढवत जा आणि प्रत्येक थरानंतर कागदावर बार मारून बघा.

आणि पिच. दस्त्याचं मागचं तोंड छातीवर सपाट बसायला हवं. मुलींच्या छातीच्या ठेवणीमुळे दस्त्याचं खालचं टोक, म्हणजे अंगठा, आधी टोचतं आणि वरची टाच हवेत राहते. मग सगळा झटका एका टोकावर येतो आणि नळी वर उडते. अंदाज घेण्यासाठी रिकामी बंदूक दस्त्याच्या तोंडावर जमिनीवर सपाट उभी करा, चापाच्या पेटीच्या वरच्या अंगाची मागची कड भिंतीला टेकवा आणि नळीचं टोक भिंतीपासून किती लांब राहतं ते बघा. पुरुषांच्या बंदुकीत दीड-दोन इंच असतं. तुमच्या मुलीला थोडं जास्त लागेल. खालचं टोक किंचित छाटून आणि बाहेरच्या अंगाला वळवून हे जुळतं. हे काम घराजवळच्या सुताराकडे देऊ नका. सुताराचा हात कितीही चांगला असला तरी दस्त्याची मान कुठे नाजूक असते हे त्याला ठाऊक नसतं, आणि तिथून गेलेली चीर पुढे बारात उघडते.

२० बोरचा सल्ला मला मुळीच पटत नाही. स्पर्धेत छऱ्यांचं वजन कमाल २४ ग्रॅम असतं. तेच २४ ग्रॅम २० बोरच्या हलक्या बंदुकीतून मारले तर झटका जास्त बसेल. साडेतीन किलोच्या, रुंद नळीच्या १२ बोरमधून तेच २४ ग्रॅम सौम्य वाटतात. तिथे सरावाला ३२ ग्रॅमची शिकारीची काडतुसं देत असतील तर आधी ती थांबवा, त्यांचा धक्का जवळपास दीडपट असतो. माप जुळेपर्यंत तिला दिवसाला २५ तबकड्यांवर थांबवा. दुखरा गाल दोन आठवड्यांत बरा होतो. बाराच्या आधी डोळा मिटायची सवय एकदा लागली की ती सुटायला फार वेळ जातो.

नंदुरबारहून एक शिक्षक: मी उजव्या हाताचा. सरळ जाणाऱ्या तबकड्या फुटतात, पण बाकीच्यांना बार जवळपास दर वेळी डावीकडून जातो. बंदूक बदलू का?

सर, बंदूक बदलण्याआधी डोळा तपासा. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये लहानशी खिडकी ठेवा आणि तिच्यातून लांबचा एखादा टॉवर बघा, दोन्ही डोळे उघडे. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टॉवर खिडकीतच दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. तुमचा डावा निघेल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर बंदूक उजव्या डोळ्याखाली असताना तबकडी आणि माशी यांची गाठ डावा डोळा घालून देतो आणि बार डावीकडे जातो. दस्ता कितीही तासला तरी हे सुटत नाही.

दोन वाटा आहेत. नुकतीच सुरुवात केली असेल तर डाव्या खांद्यावरून शिका. पहिले काही आठवडे अवघडल्यासारखं होईल, पण पुढचा रस्ता मोकळा. वय किंवा सवय आड येत असेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदूक खांद्याला असताना माशी जिथून दिसते तिथे, बोटाच्या पेराएवढा धूसर चिकटपट्टीचा तुकडा लावा. डोळा पूर्ण झाकू किंवा मिटू नका. दोन्ही डोळे उघडे असले तरच तबकडीचा वेग आणि अंतर कळतं. कुणाकुणाच्या डोळ्यांत स्पष्ट मुख्य डोळा नसतो, दमल्यावर बदलतोही. म्हणून ही चाचणी सकाळी आणि सरावानंतर, अशी दोन्ही वेळा करा.

भुसावळहून एक रेल्वे कर्मचारी: ट्रॅप आणि स्कीट दोन्ही खेळायचं आहे. एकच बंदूक पुरेल का? अर्धस्वयंचलित कशी?

सुरुवातीला पुरेल, जर चोक बदलता येत असतील. ट्रॅपची तबकडी तुमच्यापासून लांब पळते, म्हणून पहिल्या बारासाठी घट्ट आणि दुसऱ्यासाठी त्याहून घट्ट चोक. पूर्ण चोकमधून ३६-३७ मीटरवर सुमारे ७० टक्के छरे ७६ सेंटीमीटरच्या वर्तुळात राहतात. स्कीटमध्ये तबकडी आडवी, वीस मीटरच्या आसपास फुटते. तिथे उघडा चोक आणि ९ नंबरचे बारीक छरे. ट्रॅपला साडेसात नंबर. नळी ट्रॅपला ७६ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब, स्कीटला ७१ ते ७६. दोन्हीसाठी ७६ घ्या.

खरी अडचण दस्त्याची आहे. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून तुम्ही आवाज देता. ऑलिम्पिक स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळच्या खुणेला लावून ठेवावा लागतो आणि मग वर आणायचा. लांब दस्ता आणि चिकट रबरी पॅड अशा वेळी कपड्यात अडकतो. शिवाय स्कीटला उंच मारणारी बंदूक नको, सरळ मारणारी हवी. वर-खाली होणारी कोम असेल तर दोन्ही खेळांची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. तरी माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं एकाच खेळाला द्या.

अर्धस्वयंचलित बंदूक नियमात बसते, पंप, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे करून काडतूस भरायची बंदूक, मात्र नाही. अर्धस्वयंचलितचा झटकाही मऊ असतो. पण नळी एकच, म्हणजे दोन्ही बारांना एकच चोक, आणि ट्रॅपमध्ये हे नुकसानीचं आहे. परवान्याच्या दृष्टीनेही ती वेगळ्या वर्गात मोडते. वरखाली दुनळीची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: मोडून हातावर ठेवली की ती रिकामी आहे हे रेंजवरच्या प्रत्येकाला लांबून दिसतं.

अमळनेरहून: हिवाळ्यात तबकड्या फुटत होत्या, मे महिन्यात एकही धड लागेना. उन्हामुळे काडतुसं बिघडली का?

काडतुसं तापतात आणि तापल्यावर त्यांचा दाब थोडा वाढतो, म्हणून ती बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पण तुमचं कारण अंगावरच्या कपड्यांत असावं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि मे महिन्यात पंचेचाळिसाच्या पुढे जातो. स्वेटर आणि त्यावर जाड जाकीट घालून जुळवलेला दस्ता पातळ सदऱ्यावर सेंटीमीटरभर आखूड पडतो. मग गाल कोमवर पुढे सरकतो, डोळा वर येतो आणि बार वरून जातो. उन्हाळ्यासाठी पॅडखाली घालायचा एक सेंटीमीटरचा तुकडा बनवून घ्या, लांब स्क्रू मागायला विसरू नका, आणि तो बसवल्यावर १५ मीटरवरचा कागद पुन्हा एकदा मारून बघा.